कचऱ्याच्या डब्यातली नागली

समोर जेवढे चौकोन दिसले तेवढ्या सगळ्यांत मी टिक केली. वाचलं नाही असं नाही. वाचलं, पण कळलं नाही; आणि न कळलेल्या गोष्टीखाली मुकाट सही करायची सवय मला मोबाइलचं सिमकार्ड घेतलं तेव्हापासून आहे. सगळा मजकूर इंग्रजीत होता, मी मनातल्या मनात मराठी करत होतो. तात्पुरत्या फायली. जुन्या सिस्टिमच्या फायली. आधीच्या अपडेटचे अवशेष. आता अवशेष म्हटल्यावर ते घरात कोण ठेवील?

निमित्त झालं ते आमचा कॉम्प्युटर रुसल्याचं. बटण दाबून आंघोळ करून यावं तरी तो आपला गोल गोल फिरतोय. आत पाहिलं तर जागेची पट्टी लालभडक. मी अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि लाल रंग दिसला की माझ्या अंगात येतं. आमच्याकडे शॉपवर, म्हणजे मशिनं चालतात तिथे, पद्धत आहे : जी वस्तू लागत नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची, कोपऱ्यात ठेवायची, आणि कुणी बोंब मारली नाही तर भंगारात. या पद्धतीवर मी नव्या पोरांना भाषणं देतो. म्हणून खाली जेव्हा प्रश्न आला, की यापुढे साफसफाई आपोआप करू का आणि पडद्यावरच्या डब्यातला कचरा किती दिवसांनी टाकू, तेव्हा मी छाती पुढे काढून सगळ्यात कमी मुदत निवडली. एक दिवस. कचरा तो कचरा, त्याला कशाला महिनाभर पाहुणचार?

संध्याकाळी बायकोला सांगितलं, "केवढी तरी जागा मोकळी केली."

"कुठे?"

"कॉम्प्युटरच्या आत."

"आत कोण राहायला येणार आहे?" ती म्हणाली आणि पीठ चाळत राहिली.

त्या दिवसांत घरात दुसरं पीठ नव्हतंच, सगळं नागलीचं, म्हणजे नाचणीचं. बायकोने उन्हाळ्यात पापड केले होते, आता त्यात भर घालत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती प्रदर्शनात स्टॉल लावणार होती. रविवारी प्रदर्शन. पाकिटांवर लावायची लेबलं तिने स्वतः कॉम्प्युटरवर काढली होती, माउसने. माउसने सरळ रेघ मारणं म्हणजे साबणाच्या वडीने सही करण्यासारखं आहे. पण दोन महिने रोज दुपारी बसून तिने वर हिरवा पट्टा, त्यात वळणदार अक्षरं आणि खाली नागलीचं कणीस अशी लेबलं केली. ती पुरी होऊन तीन-चार दिवस झाले होते; छापायला द्यायची ती शुक्रवारी.

गुरुवारी मला सुट्टी होती. दुपारी ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि थोड्या वेळाने हाक आली.

"अहो, माझी लेबलं कुठायत?"

"कुठे ठेवली होतीस?"

"डब्यात."

"कुठल्या डब्यात?"

"त्या कोपऱ्यातल्या. कचऱ्याच्या."

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकतोय. "कचऱ्याच्या डब्यात? ठेवली होतीस?"

"मग कुठे ठेवणार? पडद्यावर एक चित्र दिसलं की तुमची कटकट. इथे पसारा नको, तिथे पसारा नको. विचारलं तर पेपरातून मान वर न काढता म्हणालात, ठेव कुठेतरी आत. तो डबा समोरच होता. रोज काढायची, काम करायचं, परत टाकायची. माळ्यावरच्या गाद्यांसारखं. इतके दिवस कुठे काय गेलं का?"

नव्हतं गेलं. आणि इथून जो माझा गोंधळ सुरू झाला तो अजून पुरता मिटलेला नाही. कचऱ्याच्या डब्यात कामाची वस्तू ठेवणारी चुकली, की डबा उघडून न बघता तो ओतणारा? आमच्या घरी माळ्यावर गेलेली वस्तू म्हणजे टाकलेली नव्हे. ती फक्त नजरेआड केलेली असते. फुटकी इस्त्री, पाळण्याच्या दांड्या, एका पायाचं टेबल, सगळं वर सुखाने नांदतंय. मग तिने डब्याला माळा समजलं यात वेडेपणा तो काय? पण डब्यावर चित्र तर कचऱ्याचं होतं. पण डबा रिकामा होत नव्हता. पण... असं मी खोलीभर फिरत मोठ्याने बोलत होतो.

"तुम्ही आधी बसा," ती म्हणाली. "आणि माझी लेबलं आणा."

महात्मा गांधी रोडवरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं.

"काका, कचऱ्यातच होती ना?"

"हो, पण कचरा नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेवली होती."

तिकडे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज. "मशीन घेऊन या. आणि आता कशाला हात लावू नका."

हात लावू नका हे त्याने उशिरा सांगितलं. तोवर मी एकेक टिक परत काढून पाहिली होती. टिक काढली की गेलेलं परत येईल, अशी माझी भाबडी समजूत. स्कूटरवर पायांत कॉम्प्युटरचं डबडं धरून दुकान गाठलं. त्याने पुष्कळ खटपट केली आणि शेवटी पडद्यावर आणलं ते असं : हिरवा पट्टा, 'नागलीचे पा', आणि खाली नुसतं करडं. कणीस नाहीच.

घरी आणून तेवढं दाखवलं, तर बायको उठून पीठ चाळायला लागली. हे वाईट. आमच्या घरी बोलणं चालू असलं की सगळं ठीक असतं. मी म्हटलं, मी काढतो, मी सुपरवायझर आहे, मला ड्रॉइंग येतं. काढलं. तिने मान तिरकी करून बघितलं.

"दाढीचा ब्रश छान आलाय," ती म्हणाली. "उठा."

मग ती बसली. मी चहा केला, नुसता चहा, साखर विसरून. ती तो तसाच प्यायली आणि दोन महिन्यांत बसलेल्या हाताने मध्यरात्रीच्या आत तिने नवं लेबल उभं केलं. खरं सांगतो, पहिल्यापेक्षा देखणं. रेघा सफाईदार, कणीस भरलेलं, अक्षरं एका ओळीत. मला इतकं हायसं वाटलं, की तोंडावर ताबा राहिला नाही.

"बघ! म्हणजे एका परीने बरंच झालं ना? ते गेलं म्हणून हे आलं."

तिने फाइलला नाव दिलं, ती दोन ठिकाणी ठेवली, कुठे ते मला दिसू न देता. मग खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे वळली.

"हे चांगलं आलंय, मला कळतं. उद्या छापूही. पण पहिलं कणीस मी समोर ठेवून काढलं होतं. कळवणहून भावाने पाठवलेलं, आमच्या शेतातलं. ते केव्हाच झडून गेलं; हे नुसतं आठवून काढलंय. तुम्हाला दोन्हींत फरक दिसत नाही ना, म्हणून तर साफसफाई तुमच्याकडे द्यायची नाही."