समाधानी माणसाचा कूलर

आमचे हे समाधानी आहेत, ही गोष्ट अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे. ज्याला माहीत नसेल त्याला हे स्वतः सांगतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली आणि तेव्हापासून समाधान हाच त्यांचा उद्योग झालाय. सकाळी फिरून आले की चौकातल्या बाकावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचं, "आपल्याले काय कमी हाय? स्कूटर हाय, एकवीस वर्षं झाली, चालून राहिली. कूलर हाय, तो तं स्कूटरपेक्षाई जुना. लोकं काहून खरेदीच्या मागं मरून राहिले, मले समजतच नाई." ऐकणारे माना डोलावतात. त्यांतलाच कोणीतरी पुढे घरी येतो आणि मला म्हणतो, "वहिनी, नशीबवान आहात तुम्ही." मी चहा टाकायला आत जाते. बाहेरच उभी राहिले तर तोंडून काहीतरी निघेल, याची मला भीती वाटते.

माझं नाव कॉलनीत वेगळ्या कारणासाठी आहे. मी कटकटी. बत्तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलं, त्यामुळे आवाज मोठा आहे, हे कबूल. पण एवढ्या समाधानी माणसाच्या घरातून बाईचा आवाज रोज सकाळी रस्त्यापर्यंत का येतो, हे एकानंही कधी विचारलं नाही.

कारण कूलर होता. आणि सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुन्हा कोणी मला एसीची जाहिरात दाखवायला नको, की मला त्या कूलरबद्दल काडीची तक्रार नाही. लोखंडी पत्र्याचा, इथंच एका कारागिराकडून बनवून घेतलेला तो कूलर आहे. मार्चच्या शेवटी त्याच्या तिन्ही बाजूंच्या ताट्यांत नवा वाळा भरायचा, आतून रंगाचा एक हात मारायचा, पंप साफ करायचा, की झाला उन्हाळ्याला तयार. बाहेर ऊन पंचेचाळिसाला टेकलेलं असतं आणि आमच्या हॉलमध्ये ओल्या वाळ्याच्या वासाची गार हवा येते. दुपारी त्याच्यासमोर चटई टाकून आम्ही शेजारच्या तिघीचौघी बायका कैऱ्या चिरतो, वाटलं तर तिथंच लवंडतो. मला याहून जास्त थंडी नको आहे.

पण कूलर पाणी पितो. आणि आमच्याकडे पाणी आहे घराच्या मागच्या अंगणातल्या टाक्यात, कारण नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि तेव्हा भरून ठेवावं लागतं. आधी कूलरही मागंच होता. अकरा वर्षांपूर्वी हॉलला पुढच्या बाजूनं मोठी खिडकी पाडली आणि कूलर तिथं गेला. टाकं मात्र मागंच राहिलं. तेव्हापासून एप्रिल, मे आणि अर्धा जून माझं एकच काम. टाक्यातून बादली ओढायची, घराच्या कडेच्या बोळातून पुढं न्यायची, छातीच्या वर उचलायची आणि कूलरच्या बाजूच्या फटीतून आत ओतायची. सकाळी आठ-दहा बादल्या, संध्याकाळी परत चार-पाच. नोकरीत होते तेव्हा हे सगळं करून ओल्या काठाच्या साडीनं शाळेत जायची. निम्मं पाणी कूलरात आणि उरलेलं अंगावर.

मी मागितलं काय? एक छोटी मोटर आणि एक लांब पाइप. टाक्यात मोटर सोडायची, पाइप बोळातून न्यायचा, बटण दाबायचं. एवढंच. पहिल्या उन्हाळ्यात मागितलं तेव्हा हे म्हणाले, "पाच-दहा बादल्यांसाठी मोटर? गरजा वाढवल्या का वाढतच जाते." नंतर एका वर्षी म्हणाले की मागं बोर्ड बसवावा लागन, भिंत फोडावी लागन, कोण करते ते झेंगट. मध्ये एकदा तर म्हणाले, "व्यायाम होते तुले." ज्या माणसानं उभी नोकरी शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत कालव्याचं पाणी पोचवण्यात घालवली, त्याला स्वतःच्या खिडकीपर्यंत पाणी नेणं ही चैन वाटायची!

तुम्ही म्हणाल, बाई, तू स्वतः कमावत होतीस, मग आणायचा होता पाइप. मलाही हे अनेकदा वाटलं. एकदा बाजारात जाऊन दुकानासमोर उभीही राहिले होते आणि तशीच परत आले. खरं सांगायचं तर ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं होतं की आपण हावरट आहोत, चांगल्या माणसाच्या घरात आपलीच नजर भुकेली आहे. आणि दुसरं कारण असं, की तो पाइप यांनी आणावा असं मला वाटत होतं. बोळातून जाताना माझ्याकडे एकदा पाहावं आणि आणावा. हा हट्ट होता, पण होता.

दुसरीकडून सगळं जग मला एसी विकायला टपलेलं. पुण्याहून मुलगी दर आठवड्याला एसीची जाहिरात पाठवणार. "आई, बिनव्याजी हप्ते आहेत, तू का सहन करतेस?" मी म्हणायची, बाळा, मला एसी नको, पाइप पाहिजे. तिला वाटायचं आई नेहमीसारखी काटकसर करतेय. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एसीची जाहिरात. जणू उकाड्यावर इलाज एकच, जो चकचकीत शोरूममध्ये मिळतो. पाइपवर सूट जाहीर करणारा मेसेज मला आजपर्यंत आलेला नाही.

माझं माहेर अमरावतीचं. मागच्या मे महिन्यात भावाकडे आठ दिवस राहायला गेले. बडनेरा स्टेशनवर तो गाडी घेऊन न्यायला आला, तेव्हापासूनच सुरू झाला. "ताई, तू अजून कूलरात जगून राहिली? आमच्याकडे तीन एसी हायेत." होते खरे. तीन खोल्या, तिन्हींची दारं बंद. एका खोलीत भाऊ, दुसरीत भावजय, तिसरीत भाचा, आणि जेवायला या म्हणून भावजयीचा मेसेज फोनवर यायचा. मधल्या हॉलमध्ये भट्टी, त्यामुळे तिथं कोणी बसेना. कपाटावर न उघडलेले खोके, चालायच्या यंत्रावर वाळत घातलेले टॉवेल. भावजय चांगली आहे, पण तिला सुख म्हणून ते नव्हतंच. शेजारणीनं नवं काय घेतलं यातच तिचा जीव अडकलेला. चौथ्या दिवशी मला माझ्या चटईची आणि वाळ्याच्या वासाची इतकी आठवण आली की भावाला कारण सांगून मी निघून आले. घरी आले तर कूलर कोरडा, आणि हे पंख्याखाली पेपर वाचत बसलेले. म्हणाले, "बरं झालं आली. चार दिवस झाले, कूलर बंद पडून हाय."

बंद नव्हता. पाणी नव्हतं! मी पिशवी ठेवली आणि बादली उचलली. इतकी चीड आली होती की डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही मीच पुसलं.

या हिवाळ्यात उजवा खांदा गेला. हात मागं जाईना. अंबाडा घालता येईना, ब्लाउजची बाही चढवताना जीव जाई. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि स्पष्ट सांगितलं, वजन उचलू नका, नाहीतर हात कायमचा अडकून बसेल. घरी येऊन मी यांना तसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले, "डॉक्टर सगळ्यायलेच सांगते तसं." आणि मार्च संपला, ताट्यांत वाळा भरला गेला, आणि मी डाव्या हातानं अर्ध्या बादल्या न्यायला लागले. अर्ध्या बादल्या म्हणजे खेपा दुप्पट, हे गणित मी पोरांना शिकवलेलं आहे.

एप्रिलमध्ये कॉलनीतल्या देवळाच्या सभामंडपात ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा झाला. विषय, 'आहे त्यात समाधान'. वक्ते अर्थातच आमचे हे. पाऊण तास बोलले, आणि चांगले बोलले, हेही मान्य करायला हवं. बाजार आपल्याला भिकारी कसा करतो, नव्या वस्तूचा आनंद आठवडाभरात कसा विरतो, हे सगळं मला पटत होतं. मी भावाकडे तेच तर पाहून आले होते. मग कूलर आला. चोवीस वर्षं एकच कूलर, कधी कुरकुर नाही, घरात एसीचं नाव नाही. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत उजवा हात मांडीवर धरून बसले होते.

तेवढ्यात अध्यक्षांना हौस आली. "आता वहिनींनीही दोन शब्द बोलावेत," म्हणाले. मी नको नको म्हणतेय आणि शेजारणी मला उठवताहेत.

मी उठले. ठरवून काही बोलले नाही. म्हणाले, "ह्यायनं सांगतलं ते सारं खरं हाय. कूलर चांगला हाय, हवा भल्ली गार येते. फक्त त्याच्यात पाणी कोण भरते, तेवढं सांगाचं राहिलं."

आणि खाली बसले. मग मागच्या रांगेतून एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळ्या बायका. पुरुषांच्या बाजूला मात्र सगळे घसा साफ करत होते. अध्यक्षांनी घाईघाईत आभार मानले.

घरी आलो. चप्पल काढताना हे म्हणाले, "चार लोकायत असं बोलतात? उद्यापासून मी भरतो पाणी. त्यात काय एवढं?"

पहिल्या दिवशी पहाटेच उठले. बनियनवर, कमरेला टॉवेल बांधून, दणादण दहा बादल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून व्यायामाचं महत्त्व सांगितलं. मी ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटत होते आणि खिडकीतून बघत होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वय झालंय यांचंही. संध्याकाळच्या बादल्या मात्र तीनच झाल्या.

दुसऱ्या दिवशी बोळात पाय घसरला, पडले नाहीत पण पायजमा पार भिजला. पाच बादल्यांवर थांबले. दुपारी दोनला कूलर कोरडा पडला आणि गरम हवा मारायला लागला, तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी कैऱ्या चिरत होते. माझा हात वर जात नव्हता आणि गेला असता तरी त्या दिवशी मी उठले नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे चहा न घेताच स्कूटर काढून बाहेर पडले. दहा वाजता परतले ते एका इलेक्ट्रिशियनला घेऊन. स्कूटरच्या हँडलला निळ्या पाइपचं भेंडोळं, पायाशी मोटरचा खोका. इलेक्ट्रिशियननं मागच्या भिंतीला बोर्ड बसवला. भिंत फोडावी लागली नाही, दोन भोकं पाडली फक्त. अर्ध्या तासात काम संपलं. हे बोळातून पाइप नेताना एखाद्या कालव्याचं उद्घाटन असावं तसे चालत होते.

"ऐकतं का? इकडे ये, पाह्य." मी बाहेर आले. यांनी मागं जाऊन बटण दाबलं, लगबगीनं पुढं आले, आणि कूलरची टाकी भरायला लागली. कोणी वाकलं नाही, कोणी उचललं नाही. यांचा चेहरा असा उजळलेला, की असा मी मुलगी दहावीत पहिली आली तेव्हाच पाहिला होता. म्हणाले, "पाह्य, किती सोपं काम! इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कधी आलीच नाई."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी म्हणाले, "माह्या डोक्यात होती. अकरा वर्षांपासून मांगून राहिली मी."

"कधी?" हे म्हणाले.

मी यांच्याकडे पाहत राहिले. खोटं बोलत नव्हते. मी इतक्या वेळा मागितलं, प्रत्येक वेळी यांनी उत्तर दिलं, उत्तरं मला पाठ आहेत, आणि यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. ऐकून नाकारलं असतं तर मी भांडले असते. यांनी ऐकलंच नव्हतं. माझं मागणं यांच्यापर्यंत कटकट म्हणून पोचत होतं आणि कटकटीतले शब्द कोण लक्षात ठेवतो? अकरा उन्हाळे माझ्या खांद्यावर पाणी चढलं, आणि यांच्या खांद्यावर दोन दिवस चढलं तर मोटर आली. मला राग आला. आणि हॉलच्या दारातून हवा येत होती, ती नेहमीसारखीच चांगली होती, म्हणून आणखी राग आला.

टाकी भरली. यांनी मागं जाऊन बटण बंद केलं, पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला, हात पुसले. मी अजून तिथंच उभी होते, म्हणून बहुतेक यांना वाटलं काहीतरी बोलायला हवं. नेहमीच्या मोकळ्या आवाजात म्हणाले, "काय मंग? आता तरी झालं ना समाधान तुह्यं?"

मी म्हणाले, "समाधान मले पयलेपासूनच होतं. पाइप नव्हता."