रावसाहेब आणि कण्हेर

तुम्ही मुंबईच्या कॉलेजात बॉटनी शिकवत होतात हे एकदा वसाहतीत कळलं, की सुटका नाही. कुणी पान आणून दाखवतं, कुणी अख्खी फांदी. फांद्या फेकून देता येतात, त्यांच्यामागचे किस्से मात्र साठत जातात. हे किस्से त्रेसष्ट सालचे, इस्राएलमधल्या किर्यात मलाखी गावातल्या आमच्या अंगणातले, आणि सगळे एका कासवापायी!

कासव शेजारच्या रिवकाबाईंचं. खरं तर त्यांच्या मुलाचं. लष्करात जाताना तो म्हणाला, "आई, मी येईपर्यंत याला जप." बाईंनी कासवाचं नाव ठेवलं रावसाहेब. "कितीही हाका मारा, मान वर करत नाही!"

*

एकदा रिवकाबाई जास्वंदीचं फूल घेऊन आल्या. "हे याला चालेल?"

मी म्हटलं, "बहुधा चालावं. पण जाती पुष्कळ असतात. शिवाय कासवांचा माझा अभ्यास नाही..."

"प्रोफेसरसाहेब, हो की नाही ते बोला. रावसाहेबाला 'बहुधा' चावता येत नाही!"

*

मला चैन पडेना. खात्रीसाठी मी अंगणात चार फुलं तोडली आणि स्वतःच एक खाऊन बघितलं. खालच्या मजल्यावरचा सॉलोमन, कारखान्यातला फिटर, बघत उभा होता.

"काय करता, प्रोफेसर?"

"विषारी नाही ना, बघतो."

"आणि तुम्ही गेलात, तर त्यातून कासवाचं काय कळणार?"

मी विचार करत राहिलो. तोवर रावसाहेबांनी उरलेली फुलं संपवली!

*

वरच्या मजल्यावर युरोपातून आलेले एक धार्मिक गृहस्थ राहत. आम्ही कोकणातून आलेले बेने इस्राएल खरे यहुदी आहोत का, असं त्या दिवसांत उघड विचारलं जाई. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "हिंदुस्थानात तुम्हाला शब्बाथ पाळायला शिकवला कोणी?"

मी असा शिकलेला, की माझं मलाच वाटू लागलं, खरंच, कोणी बरं शिकवला? मागून रिवकाबाई कडाडल्या, "कोकणात जाऊन विचारा! शनिवारी आमचा तेलाचा घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. नाव शेजाऱ्यांनी ठेवलं, आम्ही नाही!"

*

मग वसाहतीच्या कचेरीच्या माळ्याने अंगणात कण्हेर लावली. या खेपेस मला शंका नव्हती. पान, फूल, काडी, सगळं जहर! शुक्रवारी सकाळी रिवकाबाई, सॉलोमन आणि मी कचेरीत गेलो.

"तिला पाणी लागत नाही, दिसते छान," क्लार्क म्हणाला. "एका कासवासाठी उपटू?"

मी समजावू लागलो. सवयीने म्हणून गेलो, की किती पानांनी बाधेल ते सांगणं कठीण.

"म्हणजे तुमचीच खात्री नाही!"

रिवकाबाईंनी टेबलावर हात आपटला. "यांना स्वतःच्या नावाचीही खात्री नसते! असा माणूस जहर म्हणतो, तर ते जहरच. झाड जाईल, नाही तर मी इथून हलत नाही."

कचेरी बंद व्हायची वेळ झाली. बाई हलल्या नाहीत. क्लार्कने हात जोडले, "रविवारी उपटतो!"

*

रविवारच्या आधी शनिवार येतो. सकाळी बघतो तर रावसाहेब रात्री त्यांच्यावर पालथं घातलेलं खोकं उलटवून कण्हेरीच्या रोखाने निघालेले! काकडी दाखवली, तोंड फिरवलं. शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस; झाड उपटायचं नाही, जनावरही उचलायचं नाही.

"माणसाचा जीव असता, तर नियम मोडता आला असता," सॉलोमन म्हणाला. "कासवाचं काय?"

मला नक्की ठाऊक नव्हतं. रिवकाबाईंनी खुर्च्या मागवल्या. सगळी इमारत खुर्चीला खुर्ची लावून कण्हेरीभोवती बसली. रावसाहेब एकेका पायाला धडका देत फिरू लागले. उन्हं चढली. एकही जण उठला नाही.

प्रार्थनेहून परतणारे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ थबकले. "हे काय चाललंय?"

"शब्बाथ पाळतोय," रिवकाबाई म्हणाल्या. "झाड तोडायचं नाही, कासव उचलायचं नाही. याहून सोपी वाट ठाऊक असेल तर सांगा, नाही तर पुढे व्हा!"

त्यांनी दाढी कुरवाळली. मग जिना चढून गेले.

थोड्या वेळाने खाली आले, ते स्वतःची खुर्ची घेऊन.