‘पाणी गोड’ असं मी लिहिलं

आमच्या घराण्यात कुणी काही बिघडवलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात, आणि बहुतेक वेळा बरोबर बघतात. या वेळी कुणी बघितलं नाही. म्हणून लिहितोय.

मी अमरावतीत कॉलेजात शिकवतो. मागल्या उन्हाळ्यात भातकुलीकडच्या गावांची पाहणी आमच्याकडे आली. शेतकऱ्याच्या घरापासून शाळा किती दूर, दवाखाना किती दूर, प्यायला पाणी कसं. गोड्या पाण्याची पाइपलाइन आधी कुठल्या गावांना, ते त्यावरून ठरणार होतं. हा सगळा खारपाणपट्टा; विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. आमचं गाव त्यातच. तिथे चुलतभाऊ आणि वहिनी मूग-हरभरा करतात. भावाचा मुतखडा दोनदा काढून झालाय. ‘आपलंच गाव आहे, मीच जातो,’ असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

ओसरीवर टेकलो तर वहिनी म्हणाली, “भाऊजी, आदी पानी प्या. तुमचे कागदं काई पळून नाई राहिले.”

प्यालो. थंड, गोड. मग वांग्याची भाजी, भाकरी, वर ताक. एवढं झाल्यावर उन्हात गाव फिरणं जिवावर आलं.

“सर्व्या घरी जा लागते ना?” वहिनीनं विचारलं.

“घरं काय, सारखीच असतात,” मी म्हणालो, आणि भिंतीला टेकून तिच्या डोळ्यांदेखत सगळे फॉर्म भरले. पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात, अक्षर जरा बरं काढून, ‘गोड’ लिहिलं. पाहुण्याला खारं पाणी देत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक; आता त्याच्यासाठी घरोघर विकतचा कॅन राखलेला असतो. पण त्या दिवशी मी पाहुणा म्हणून आलो नव्हतो, एवढंच जेवल्यावर विसरलो.

पावसाळ्यात यादी निघाली. शेजारची गावं होती, आमचं नव्हतं. ग्रामसभेला मी मुद्दाम गेलो, कबूल करायला. बसमध्ये वाक्यंही जुळवली होती.

सरपंच म्हणाले, “आपलं पानी गोड हाय म्हून कोनं सांगतलं बाप्पा?”

“ज्यानं सांगतलं त्याले महिनाभर पाजा इथलं,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण हसलो.

तेवढ्यात बायांमधून वहिनी उठली. “आमच्याच घरी इचारलं होतं. मीच गोड म्हनलं असन. ध्यानात नाई रायलं.”

“घरधन्याचे खडे इसरली काय व?” शेजारची म्हातारी म्हणाली. “तुह्यापायी आमी आनखी खारंच प्यावं?”

वहिनी खाली बघत बसली. माझी वाक्यं तयार होती. पहिलं तर पाठच होतं. मी बसून राहिलो.

परतताना चिखलातून ती पुढे, मी मागे.

“वहिनी, काहून असं केलं तुम्ही?”

“मंग काय, चारचौघात तुमाले उभं करू?” ती थांबली. “तुमच्या नोकरीले काई होनार नाई ना, भाऊजी?”

“नाही,” मी म्हणालो. काहीच होणार नव्हतं.

“मंग बरं,” ती म्हणाली. “आता दुसरी यादी कवा निंगते?”

ते मला माहीत नव्हतं.