डावीकडचं दिसत नाही

माझ्या नवऱ्याने नोकरीची तीस वर्षं अपघात झालेल्या गाड्या बघण्यात घालवली. आम्ही दोघंही एकाच विमा कंपनीत होतो. मी टेबलावर दाव्यांची कागदपत्रं तपासायचे आणि तो गॅरेज-गॅरेज हिंडून ठोकलेल्या गाड्यांचा सर्व्हे करायचा. ऑफिसातली ओळख, त्यामुळे लग्नानंतरही आमच्यात अरे-तुरेच राहिलं. रिटायर झाल्यावर त्याची ही विद्या सीवूड्सच्या आमच्या सोसायटीला उपयोगी पडली. कुणालाही गाडी घ्यायची असली की तो माणूस आधी आमच्या दारात यायचा. नवरा पत्र्यापासून सीटच्या उशीपर्यंत सगळं सांगायचा आणि मी चहा करायचे.

आमची स्वतःची गाडी म्हणजे एक छोटी सेडान, तेरा वर्षं वापरलेली. गेल्या थंडीत गाडीच्या कंपनीने तीच गाडी नव्या रूपात आणली. नाव तेवढं जुनं ठेवलं, बाकी सगळं बदललं. नवरा एक दिवस एकटाच शोरूमला जाऊन तिच्यात बसून आला आणि संध्याकाळी त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. समोरची जाळी रुंद केल्यामुळे गाडी उगाच फुगल्यासारखी दिसते. मागचे दिवे मोठ्या गाडीवरून उचललेत, पण शोभतात. डिकी मस्त. डॅशबोर्डवर टीव्हीएवढा स्क्रीन बसवलाय, साधा एसी कमी करायचा तरी त्यातच बोटं घाला, बटणं का काढली देव जाणे. आणि शेवटी लिहिलं होतं की पुढच्या काचेच्या डाव्या कडेचा खांब भलताच जाड आहे, डावीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही, ही डिझाइनमधली घोडचूक आहे.

ग्रुपवर दोन दिवस चर्चा चालली. कुणाला जाळी आवडली, कुणाला जुनीच गाडी बरी वाटली. चौथ्या मजल्यावर एक रिटायर्ड मुख्याध्यापिका राहतात, त्यांनी हीच गाडी पहिल्याच महिन्यात घेतली होती. त्यांनी लिहिलं, की मला तर खांबाचा काही त्रास होत नाही, उलट जुन्या गाडीपेक्षा मोकळं दिसतं. नवऱ्याला हे लागलं. ग्रुपवर तो काही बोलला नाही, पण जेवताना म्हणाला, की घर ते मार्केट चालवणाऱ्यांना गाडीतलं काय कळणार. मीही हो म्हटलं. गाड्यांच्या बाबतीत मी नेहमी त्याला हो म्हणत आले होते.

खरं तर तेव्हाच मला काहीतरी सुचायला हवं होतं. आमच्या जुन्या गाडीच्या डाव्या अंगावर दोन महिन्यांत दोन ओरखडे आले होते, दोन्ही पार्किंगमधल्या एकाच सिमेंटच्या खांबाचे. हॉलमधल्या टीपॉयला त्याची डावी पोटरी इतक्यांदा लागली की शेवटी मी टीपॉय बाल्कनीत नेऊन ठेवला. आणि ताटातली चटणी. मी ताट वाढते ते माझ्या आईने शिकवलं तसं, मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे. तो सगळं जेवायचा आणि चटणी तशीच राहायची. एकदा म्हणाला, आज चटणी नाही केलीस? मी म्हटलं, समोर आहे की. त्याने मान वळवली आणि हसला. वय झालं, लक्ष नसतं, असं म्हणून मीही हसले होते.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं ती गाडी चालवून बघायला गेलो. शोरूममधून एक तरुण मुलगी सोबत आली. ती पुढे त्याच्या डावीकडे बसली आणि मी मागे. पाम बीच रोडवर गाडी छान पळाली. मुलगी एकेक गोष्ट समजावत होती. समोर कुणी आलं आणि चालवणाऱ्याने ब्रेक मारला नाही तर गाडी आपणहून थांबते, असं तिने सांगितलं. नवरा म्हणाला, मग चालवणारा हवाच कशाला? पण तो खुशीत होता. मुलीने यू-टर्न सुचवला, तर त्याने गाडी दिवाळे गावाच्या कोळीवाड्याकडे वळवली. गुळगुळीत रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच वाटते, गावातल्या रस्त्यावर तिची परीक्षा, असं त्याचं म्हणणं.

दिवाळ्यात रविवारची मासळीची वेळ होती. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना माणसं. तो सावकाशच चालवत होता, हे मला सांगितलं पाहिजे. डाव्या बाजूने एक कोळीण डोक्यावर टोपलं घेऊन, एक हात पुढे धरून रस्ता ओलांडायला निघाली. मला मागच्या सीटवरून ती दिसली. पुढच्या मुलीलाही दिसली, कारण तिने एकदम समोर हात टेकला. मला वाटलं, आता थांबेल. पण गाडी तशीच पुढे जात राहिली. मग गाडीतून कर्कश पी-पी आवाज आला, हिसका बसला आणि आम्ही तिघंही पुढे फेकले गेलो. गाडी थांबली होती. कोळणीच्या आणि बॉनेटच्या मध्ये हातभर जागा उरली होती.

तिने टोपलं खाली घेतलं नाही. त्याच्या खिडकीशी आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "दादा, डोले हायेत ना तुला? मी कवाची हात दाखवतंय."

नवऱ्याने हात जोडले. ती गेल्यावर तो आमच्याकडे वळून म्हणाला, "अचानक आली. आणि बघितलंस ना खांब? मी सांगत होतो."

तीस वर्षं हाच माणूस घरी येऊन मला सांगायचा, की प्रत्येक ड्रायव्हर एकच वाक्य बोलतो, समोरचा अचानक आला. अचानक कुणी येत नसतं, तो आधीपासून तिथेच असतो, असं त्याचं उत्तर असायचं.

गाडी बाजूला घेतल्यावर तो मुलीला बजावत होता, की कंपनीला कळवा, खांबाची तक्रार लिहून घ्या. ती बिचारी हो सर, हो सर करत होती. मी म्हटलं, मी एकदा तुझ्या जागेवर बसून बघते. त्याला नवल वाटलं. माझ्याकडे लायसन्स होतं, पण त्याच्या सूचना ऐकायचा कंटाळा येऊन मी स्टिअरिंग धरणं कधीच सोडलं होतं. मी बसले, सीट पुढे घेतली आणि डावीकडे बघितलं. वाळत घातलेले बोंबील दिसले. भिंतीच्या कडेने चाललेली तीच कोळीण दिसली, टोपल्यासकट, पायातल्या चपलांसकट. खांब होता, पण इतर गाड्यांना असतो तेवढाच. मान थोडी हलवली की त्याच्यामागचंही दिसत होतं. मला सगळं दिसत होतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"दिसला ना खांब?" त्याने बाहेरून विचारलं.

मी म्हटलं, हो, दिसला.

शोरूमपर्यंत गाडी त्या मुलीला चालवायला लावली. तिथे आमची जुनी गाडी उभी होती. नवऱ्याने खिशातून चावी काढली आणि मी ती जवळजवळ ओढूनच घेतली. म्हटलं, नवी गाडी घ्यायची तर मलाही हात बसवायला हवा. हे खोटं होतं, पण त्याला पटलं. शोरूम ते घर हे अंतर काही फार नाही. मी ते तिसऱ्या गिअरमध्ये, डाव्या कडेने, मागच्यांचे हॉर्न खात पार केलं. तो शेजारी बसून सांगत होता, क्लच सोड, आरशात बघ, एवढी घाबरतेस काय. मी कशाला घाबरत होते ते त्याला ठाऊक नव्हतं. मी मनात आठवत होते, की गेल्या आठवड्यात हा उलव्याला भावाकडे एकटा गाडी घेऊन गेला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात शेजारच्यांच्या नातीला शाळेतून आणलं होतं. तिला त्याने पुढे, डाव्या सीटवर बसवलं होतं.

दुपारी मी ताट वाढलं आणि त्याच्यासमोर ठेवताना उलटं फिरवून ठेवलं. चटणी-कोशिंबीर उजवीकडे, भाजी डावीकडे. मग समोर बसून बघत राहिले. त्याने चटणी खाल्ली, लसणीची झकास झालीय म्हणाला. कोशिंबीर दोनदा मागून घेतली. वरणभात संपवला. मग म्हणाला, "आज भाजी नाही?"

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने घास खाली ठेवला. मी म्हटलं, "मी ताट फिरवलंय. भाजी डावीकडे आहे."

त्याने मान वळवली आणि भाजी बघितली. बराच वेळ बघत होता. तो सर्व्हेअर आहे, त्याला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. त्याने स्वतःच मला म्हटलं, समोर उभी राहा, मी तुझ्या नाकाकडे बघतो, तू बोटं दाखव. मी उजव्या बाजूला बोटं धरली, त्याने बरोबर सांगितली. डावीकडे वर धरली, तीही सांगितली. डावीकडे खाली धरली, तर तो वाट बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "दाखव ना."

मी दोन बोटं धरूनच उभी होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला एका मशीनसमोर बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. कागद बाहेर आला तो दोन्ही डोळ्यांचा सारखाच होता, डाव्या बाजूचा खालचा पाव भाग काळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत, अडचण डोळ्यांच्या मागे आहे. मग मेंदूचं स्कॅनिंग झालं. मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात पक्षाघाताचा एक छोटा झटका येऊन गेला होता. कधी आला, ते नक्की सांगता येत नाही, काही महिने झाले असावेत. हात-पाय, बोलणं, कशालाच धक्का नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही. त्याने विचारलं, किती दिवसांत परत दिसेल? त्यांनी सरळ सांगितलं, की आता फारसं परत येईल असं वाटत नाही, मान वळवून बघायची सवय करा आणि गाडी चालवू नका. रक्त पातळ करायची आणि ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली. झटका पुन्हा येऊ शकतो, बोलणं जड झालं तर लगेच घेऊन या, असं त्यांनी मला बजावलं.

माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न बसला. कधी? आम्ही चोवीस तास एका घरात असतो, मग तेव्हा मी काय करत होते? मी मागचे महिने एकेक दिवस करून उलगडले. गणपतीनंतरचा एक दिवस आठवला. एका वाढदिवसाच्या जेवणाहून आलो होतो, त्याचं डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे चमकतंय म्हणाला. ऊन लागलं असेल म्हणून मी गोळी दिली होती आणि तो दुपारभर झोपला, तेव्हा घरी पाहुणे आले तरी उठला नाही म्हणून चिडलेही होते. तोच दिवस असेल किंवा नसेलही. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, असेल, पण आता ते शोधून काय करणार. त्याला मी अजून हे विचारलेलं नाही.

घरी आल्यावर दोन दिवस तो रिपोर्टचे कागद चाळत बसला. तिसऱ्या दिवशी शर्ट बदलून चौथ्या मजल्यावर गेला. मुख्याध्यापिकाबाईंना त्याने काय सांगितलं, ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. दारात उभा राहूनच म्हणाला, "खांब बरोबर आहे. चूक माझी होती." मग आत जाऊन बसला आणि त्यांच्यासमोर रडला. माझ्यासमोर तो तोवर रडला नव्हता.

गाडी चालवायला मला बाईंनीच पुन्हा शिकवलं. त्यांच्या गाडीत, त्या शेजारी बसून, सकाळी रस्ते मोकळे असताना. शाळेतल्या सवयीने त्या चुका मोजत नाहीत, बरोबर आलेलं तेवढं सांगतात. महिन्याभरात मी उलव्यापर्यंत जाऊन आले. जुनी गाडी विकून आम्ही तीच नवी घेतली. मी म्हटलं, आपणहून थांबणारी गाडी मला हवी, जाळी कितीही रुंद असू दे. त्याने वाद घातला नाही. कधी वाद घातला नाही की मला अजून भीती वाटते.

आता मी चालवते आणि तो डावीकडे बसतो. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे दर थोड्या वेळाने मान पूर्ण वळवून खिडकीबाहेर बघतो. लोकांना वाटतं, कुणाला तरी शोधतोय. कधी कधी बराच वेळ त्याचा आवाज येत नाही, तेव्हा माझी नजर रस्त्यावर असते आणि कान त्याच्याकडे. मग मी काहीतरी विचारते, पुढचा सिग्नल कितवा, उलव्याला केळी न्यायची का. त्याचे शब्द जड येत नाहीत ना, ते ऐकते. तो वैतागून उत्तर देतो, की मगाशीच सांगितलं, केळी नको. स्वच्छ, तुटक, नेहमीसारखं. मी गिअर बदलते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत तेवढ्यावर काढते.