सोडून दिलेला रविवार

त्या वर्षी पावसाने आमच्या शाळेला इतक्या सुट्ट्या दिल्या की पोरं वारच विसरून गेली. रोज संध्याकाळी मोबाईलवर उद्याच्या सुट्टीचा आदेश यायचा. मग नदी उतरली, आम्ही वर्गातला गाळ उपसला आणि दुसरा आदेश आला: बुडालेले दिवस भरून काढा. रविवारी भरा, दिवाळीच्या सुट्टीत भरा, पण भरा. आमची शाळा तेलगावच्या अलीकडे, जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंतची. वेळापत्रक करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मुख्याध्यापकांच्या मते माझं अक्षर छान आहे. काम टाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे गुण फार लवकर दिसतात.

पालकांना विचारल्याशिवाय रविवार घेणं बरं नव्हे, म्हणून व्हरांड्यात शाळा समितीची बैठक बोलावली. आमच्या समितीत एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. एकाला कापूस वेचायला पोरं हवी होती, दुसऱ्याला बाजाराला जायचं होतं. मी समजावून सांगत होते की बुडालेला दिवस नंतर भरून निघतो, वाया जात नाही. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, बाकी सगळे रविवार घ्या, फक्त दसऱ्यानंतरचा पहिला सोडा. गावात एक कार्यक्रम आहे आणि मंडप शाळेच्या मैदानातच घालावा लागेल, दुसरीकडे कुठे कोरडी जागा उरलेली नाही. हे अध्यक्ष म्हणजे गावातले मुकादम. ऊसतोडीच्या टोळ्या तेच कारखान्यावर नेतात. ते बोलले आणि सगळ्यांच्या माना हलल्या, ग्रामसेवकांचीसुद्धा. मी थट्टेने म्हटलं, जेवणाचं आवतण मलाही असू द्या. सगळे हसले, पण जरा उशिरा हसले. खांबाला टेकून एक बाई पदर दातात धरून बसली होती, आठवीतल्या एका मुलीची आई. ती हसली नाही.

मला वाटलं, कोणाचं तरी जावळ असेल, नाहीतर जागरण-गोंधळ. तुळशीचं लग्न लागायच्या आधी आमच्याकडे लग्न कोणी काढत नाही, त्यामुळे ती शंका मनाला शिवलीच नाही. मी तो रविवार सोडला.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक फळ्यावर लिहिलं. मधल्या सुट्टीत त्या बाईची मुलगी दारात येऊन उभी राहिली. अभ्यासात बेताचीच, पण शाळा चुकवायची नाही. ऐन पावसात चिखल तुडवत येऊन बंद दार बघून परत गेलेली.

"मॅडम, त्या रैवारी शाळा ठिवा की," ती म्हणाली.

मी तिची फिरकी घेतली. सगळं गाव सुट्टी मागतं आणि तुला शाळा पाहिजे, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, असं काहीतरी म्हटलं.

"शाळा असली तर मंडप पडत न्हाई," ती म्हणाली. "हाळद हाय त्या दिशी."

कोणाची, मी विचारलं.

"माझी."

मी डस्टर खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. वेणीला लाल रिबन बांधलेली, अजून मराठीच्या पुस्तकातल्या चित्रांना मिशा काढणारी ही पोर. तिने खाली बघत बाकीचं सांगितलं. मुलगा अध्यक्षांच्याच टोळीतला. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादम कोयत्यांवरच टोळी बांधतो. एकट्या पोराचा कोयता अर्धा. तो पुरा करायला ही हवी होती. टोळी दिवाळीआधी निघणार, म्हणून मुहूर्तही बघितला नव्हता.

मी व्हरांड्यात येऊन उभी राहिले. तिथल्या भिंतीवर बालविवाह रोखा असं मोठ्या अक्षरात रंगवलेलं आहे, खाली मदतीचा नंबर. ते मीच रंगवून घेतलं होतं. काल सगळे त्याच भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं त्यांनी माझ्याकडून हळदीचा दिवस मोकळा करून घेतला होता, आणि वर माझा चहाही प्यायले होते. मला इतका धक्का बसला होता की राग यायलासुद्धा वेळ लागला. मग मात्र आला.

मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, आपल्याला याच गावात नोकरी करायची आहे. मी भिंतीवरचा नंबर लावला. दसऱ्याच्या आधी जिल्ह्याहून माणसं आली, पोलीसही आले, आणि मुलीच्या वडिलांनी अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही असं लिहून दिलं. मी फळ्यावर तो रविवार घातला. त्याच संध्याकाळी अध्यक्ष आले. आवाज चढवला नाही.

"एक रैवार सोडला असता तर काय बिघडलं असतं, मॅडम?" त्यांनी विचारलं. त्यांना हे खरोखरच कळत नव्हतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

रविवारी शाळा भरली. ती गणवेशात आली, लाल रिबन बांधून. पहिला तास संपत आला तेव्हा फाटकात तिची आई दिसली. भांडायला आली असणार, असं धरून मी पदर खोचूनच बाहेर गेले.

तिने विचारलं, असे किती रविवार राहिलेत. मी म्हटलं, थोडेच. मग ती म्हणाली की टोळी याच आठवड्यात निघतेय. ती आणि नवरा जाणार, पोरगी मात्र आजीपाशी गावातच राहणार. नवऱ्याने पोलिसांच्या धाकाने का होईना, कबूल केलं होतं.

"तिला तुमच्याकडं मीच धाडलं व्हतं," ती म्हणाली. "मला घरात बोलाया येत न्हाई."

मी खोचलेला पदर सोडला. बैठकीत पदर दातात धरून बसलेल्या या बाईला मी सगळ्यांबरोबर एका माळेत ओवून टाकलं होतं.

ती वर्गाच्या खिडकीकडे बघत होती. आत पोरं पाढे म्हणत होती.

"बुडालेला दिवस भरून निघतो, म्हनला व्हता तुमी," ती म्हणाली. "मी बी आठवीतच व्हते, मॅडम. माझे कधी भरायचे?"