सावली गेली तर आठवी

"गुर्जी, मागं सरा! तुमच्या पोटाची सावली पडून राहिली पायपावर!"

नुकतीच सातवी पास झालेली ती पोरगी शाळेच्या मैदानातून अशी ओरडली, की तिकडं नायगावच्या बाजारातही लोकांनी पोटं आत ओढली असतील. मी दोन पावलं मागं सरलो. मे महिन्याचं ऊन. त्या दिवशी गावातल्या कोंबड्यांनी उकडलेलीच अंडी घातली, हे मी शपथेवर सांगतो. सुट्टी असून वीसेक पोरं जमली होती, कारण पैज होती.

आमची शाळा सातवीपर्यंत. आठवी नायगावला, अकरा किलोमीटरवर, आणि रस्ता उखडल्यापासून तिकडं जाणारी बस बंद. पोरीचा बाप म्हणाला होता, "बास झालं शिक्षण." मी चहाच्या हॉटेलात टेबलावर हात आपटला. चार कप उडाले, म्हणजे दोन तरी नक्की. "मामा, शनिवारी भर उन्हात सावली गायब करतो. गेली तर पोरगी आठवीला. न्हाई गेली तर मिशा काढून तुमच्या दारात बसतो."

बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, "बरं."

बोअरच्या पाइपाचा हातभर तुकडा मी मातीत रोवला, दोऱ्याला दगड बांधून सरळ आहे का पाहिलं आणि पोरांना सांगितलं, "उजेड नाकासमोर चालतो. वाटेत कुणी आडवं आलं तर वळसा घालत नाही. मागं जिथं तो पोचत नाही, ती सावली. सूर्य खाली असला की लांब, वर चढला की आखूड. आणि वर्षातनं दोनदा तो आपल्या बरोबर डोक्यावर येतो. त्यातला एक दिवस आज."

पोरगी सावलीच्या टोकावर चिंचोके ठेवत होती. वीतभर, चार बोटं, दोन बोटं. सुट्टीतही ती दप्तर घेऊन आली होती. कुणाची तरी जुनी आठवीची पुस्तकं, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली.

बारा वाजून वीस मिनिटांनी पाइप नुसताच उभा राहिला, सावलीबिगर.

"आबा, गेली! सगळी गेली!"

बाप वऱ्हांड्यातून उठून आला. पाइपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मिशीवर असा हात फिरवला, जणू सूर्य मीच दोरीनं ओढून वर नेला होता.

"काय मामा?"

"ही तर दरसाल जाती, गुर्जी. नांगरताना बघतोच की."

"ठाऊक होतं? मग पैज कशाला लावली?"

"तुमी लावली. मी बरं म्हणलं."

माझी सगळी हवा गेली. पोरगी खाली बसून एकेक चिंचोका उचलून दप्तरात टाकत होती, कान आमच्याकडं. पाइपाच्या दुसऱ्या अंगाला सावली परत फुटायला लागली होती. बससाठी मी इतके अर्ज केले होते, की ते अंथरले असते तर रस्ता झाला असता. तरी आवाज चढवूनच विचारलं, "पण गेली ना? जूनमध्ये नाव घालायचं ना मग?"

तो पोरीचं दप्तर खांद्याला अडकवत म्हणाला, "गाडी येत न्हाई, गुर्जी."