लिंडनचं ताट
वेल्डाचा नवरा लिंडन मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. बऱ्याच वर्षांनंतर तिला अल्विनशी लग्न करायचं होतं. पण कॅरिअकू बेटावरच्या लग्ननोंदणी कचेरीतले साहेब म्हणाले, "पहिल्याच्या मृत्यूचा दाखला आणा, नाहीतर तो मेल्याची कोर्टात कुणाची तरी साक्ष द्या."

सासू इस्मे पितरांना जेवण वाढायच्या टेबलावर लिंडनचं ताट मांडू देत नसे. "मेलाय का तो?" म्हणून अंगावर यायची.

तीच इस्मे कोर्टात साक्षीला उभी राहिली. "माझ्या पोराला पोहता येत होतं, साहेब. जिवंत असता तर घरी आला असता."

बेटावर लग्नाआधी पितरांना जेवण वाढतात आणि ते अळणी शिजवतात. लग्नाच्या आदल्या दिवशी इस्मेनं लिंडनचं ताट स्वतः मांडलं आणि त्यातल्या माशावर मीठ भुरभुरलं. वेल्डा बघतच राहिली.

"बघतेस काय? त्याला अळणी चालत नाही."